रीफ टँक: टी-फाइव्हवरून एलईडीवर जाताना कोरलना प्रकाश किती द्यायचा?

ओहोटी

नमस्कार मंडळी. चार फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक आहे, पाण्याची खोली साधारण ५५ सेंमी. आजवर सहा टी-फाइव्ह (बारीक फ्लोरोसंट) ट्यूबांवर चालत आलाय. वरच्या खडकावर दोन ॲक्रोपोरा आणि एक माँटिपोरा, मधल्या टप्प्यावर हॅमर आणि टॉर्च, वाळूवर ट्रॅकिफायलिया, आणि एका कोपऱ्यात मशरूम व झोआ (ही सगळी कोरलचीच नावं). सगळ्यांची तब्येत उत्तम आहे.

ट्यूबा बदलायची वेळ आली होती, म्हणून त्याऐवजी एलईडीचे दोन दिवे घेतले. अजून बसवलेले नाहीत. ॲपमध्ये प्रत्येक रंगाला ० ते १०० टक्के असा सरकपट्टा आहे. एक जण म्हणतो ४० वर ठेव, दुसरा म्हणतो ८० शिवाय ॲक्रोला रंग येणार नाही. किती टक्क्यांवर सुरुवात करू? आणि ॲक्रो व मशरूम दोघांनाही मानवेल असा प्रकाश एकाच टँकमध्ये बसवता येतो का?

लाटांवरती

मलाही हेच विचारायचं होतं. वाचतोय.

खाजण

ओहोटी, ट्यूबा अजून काढल्या नाहीत हे फार चांगलं झालं. आधी त्यांच्याखालीच पार (PAR, म्हणजे कोरलच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) मोजून घ्या. मीटर विकत घ्यायची गरज नाही, ओळखीतल्या कुणाकडून एका संध्याकाळपुरता मागून आणा. प्रत्येक कोरलच्या माथ्याशी सेन्सर धरा, तोंड वर आणि अगदी आडवा, आणि आकडे वहीत लिहा. ही कोरल कशाला सरावलेली आहेत याची एवढी खात्रीशीर नोंद तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

टक्के बाजूला ठेवा. ४० टक्के म्हणजे त्या दिव्याच्या स्वतःच्या पूर्ण ताकदीचे ४०. तो पाण्यापासून किती उंच टांगलाय, त्याची भिंगं किती अंशांची आहेत, निळा-पांढरा कसा लावलाय, खडक किती वर येतो, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. एकच दिवा दोन टँकांवर ४० टक्क्यांवर चालू असला, तरी खडकावरचा प्रकाश दुपटीने वेगळा असू शकतो.

कोरलच्या दृष्टीने खरा आकडा पारचा. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर पार २००० च्या आसपास असतो. घरच्या टँकमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शावरही पुष्कळ काही छान वाढतं.

मी ज्या मर्यादांत ठेवतो त्या सांगतो. मशरूम ३० ते ८०. झोआ ८० ते १५०. ट्रॅकिफायलियासारखी वाळूवरची मांसल कोरल ५० ते १००. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन १०० ते १५०. माँटिपोरा २०० च्या आगेमागे, ॲक्रोपोरा २०० ते ३५०. एकाच जातीची दोन कोरल वेगळ्या खोलीवरून आलेली असू शकतात, म्हणून या रेषा कुंपणासारख्या धरू नका.

आता तुमचं उत्तर. एलईडी बसवलात की प्रत्येक जागी ट्यूबांखाली जो आकडा होता त्याच्या साधारण ८० टक्के आणा. टॉर्चच्या जागी ११० होता तर ९० च्या आसपास. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि दीड-दोन महिन्यांत जुन्या आकड्यावर या. त्यापुढे जायचं की नाही ते कोरल बघून ठरवा.

रेवा

खाजणदादांनी जे लिहिलंय त्यामागचं कारण मांडते, कारण ते कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

कोरलच्या टिश्यूमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून कोरलच्या ऊर्जेचा मोठा वाटा येतो. प्रकाश शून्यापासून वाढवत गेलात की सुरुवातीला प्रकाशसंश्लेषण सरळ चढत जातं. एका टप्प्यानंतर ते सपाट होतं. शैवालाची यंत्रणा पूर्ण भरलेली असते, जास्त फोटॉन आले तरी वापरता येत नाहीत. त्याहीपुढे गेलात की आलेख खाली वळतो. न वापरलेली ऊर्जा ऑक्सिजनवर जाते, त्यातून पेशींना घातक असे ऑक्सिजनचे सक्रिय रेणू तयार होतात, आणि शेवटी कोरल आपली शैवालं बाहेर टाकतं. यालाच ब्लीच होणं म्हणतात.

आलेख कुठे सपाट होतो ते कायमचं ठरलेलं नसतं. कमी प्रकाशात शैवालं हरितद्रव्य वाढवतात, त्यांची संख्याही वाढते, म्हणून कोरल तपकिरी दिसतं. जास्त प्रकाशात हरितद्रव्य घटतं आणि कोरल स्वतःची रंगीत प्रथिनं वाढवतं. त्यातली काही सावलीसारखी काम करतात. ही सगळी जुळवाजुळव व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. सावलीत वाढवलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की करपतं, तेच रोप हळूहळू बाहेर आणलं तर उन्हातच फोफावतं. इथेही १०० वरून एका दिवसात २५० वर नेलेलं कोरल पांढरं पडू शकतं, आणि तेच दोन महिन्यांत २५० वर नेलं तर निवांत वाढतं. म्हणून 'माझ्या टॉर्चला २०० जास्त होतील का?' असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, आत्ता ती किती प्रकाशात आहे?

आणखी एक गोष्ट. कोरलचा सांगाडा पांढरा असतो आणि तो प्रकाश पुन्हा टिश्यूमध्ये उलटवतो. शैवालं कमी झाली की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त प्रकाश येतो, त्यांच्यावरचा ताण वाढतो आणि तीही जाऊ लागतात. त्यामुळे ब्लीचिंग एकदा सुरू झालं की पटापट पुढे सरकतं. फिकेपणाची शंका आली त्याच दिवशी प्रकाश उतरवायचा, तो यासाठी.

कातळ

दोघांचं पटतं, पण ३५० चं ध्येय नवीन लोकांनी डोक्यात घेऊ नये. माझे सगळे ॲक्रो २०० ते २३० मध्ये आहेत आणि रंग व वाढ दोन्हींत मला काही उणं वाटत नाही. बहुतेक टँकमध्ये प्रकाश कमी पडल्याने नुकसान होत नाही, जास्त झाल्याने होतं. कमी प्रकाशातलं कोरल तपकिरी होतं आणि तुम्हाला महिनोन्महिने वेळ देतं. जास्त प्रकाशातलं कोरल आठवड्याचीही सवलत देत नाही.

खाजण

कातळ, सहमत. फक्त २२० म्हणताना तास किती तेही सांगा. दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश महत्त्वाचा. २५० पार नऊ तास म्हणजे ८.१ मोल. ३५० साडेसहा तास दिला तरी बेरीज जवळपास तेवढीच येते. पण रेवाने सांगितलं तसं, ३५० ला कोरलची यंत्रणा भरून वाहत असेल तर त्यातला काही भाग वाया जातो आणि ताण मात्र राहतो. मी स्वतः कमी आकडा आणि जास्त तास घेईन.

कातळ

नऊ तास पूर्ण, शिवाय दोन्ही टोकांना एकेक तास चढ-उतार.

लाटांवरती

मीटर मिळण्यासारखा नसेल तर मोबाइलवरचं लक्स ॲप चालेल का? सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ ने भागलं की पार मिळतो असं वाचलंय.

रेवा

सूर्यप्रकाशासाठी बरोबर आहे, रीफच्या दिव्यांसाठी नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वात तीव्र प्रतिसाद देतो आणि ४५० च्या निळ्याला त्याच्या शेकडा चारच. रीफचा एलईडी बहुतांश निळ्यातच काम करतो, कारण झूझँथेलीही निळा भरपूर शोषतात. म्हणजे कोरलवर सर्वाधिक पडणारा प्रकाश लक्स ॲप जवळजवळ मोजतच नाही. आकडा कमी दिसतो, माणूस दिवा वाढवतो.

एकाच दिव्याच्या एकाच सेटिंगमध्ये 'उजव्या कोपऱ्यापेक्षा डावीकडे किती कमी' एवढी तुलना लक्सवर करता येईल. त्यापलीकडे भरवसा ठेवू नका.

डोळ्याचंही तेच. रात्री पांढरा बंद करून फक्त निळा ठेवला की टँक अंधारलेला वाटतो, म्हणून बरेच जण तो मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवतात. त्या 'अंधारात' पार दुपारच्या निम्म्याहून जास्त असू शकतो. ते तासही हिशोबात धरा.

खाजण

मीटरबद्दल थोडं. सगळे पार मीटर सारखे नसतात. एपोजी कंपनीची जुनी एमक्यू-२०० मालिका निळ्या एलईडीखाली कमी दाखवते. एमक्यू-५१० पूर्ण वर्णपटाचा आहे आणि पाण्याखालची दुरुस्ती त्यात आधीच धरलेली असते. हवेसाठी बनवलेला सेन्सर पाण्यात बुडवला की कमी वाचतो, त्याला उत्पादकाने दिलेल्या गुणकाने गुणावं लागतं. मागून आणलेल्या मीटरवर मॉडेल क्रमांक बघून घ्या. दोन्ही मोजण्या, ट्यूबांखालची आणि एलईडीखालची, एकाच मीटरने करा.

मोजताना पृष्ठभाग हलत असला की आकडा सारखा नाचतो. पंप मंद करा किंवा थोडा वेळ थांबून सरासरी घ्या.

शिंपला

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. दिव्याला हात लावलेला नाही. वेळ तीच, टक्के तेच. तरी गेल्या आठवड्यापासून मशरूम आकसलेत, एक तर खडक सोडून वाहत गेला. वरच्या माँटिपोराचा मधला भाग फिका झालाय. अल्क (पाण्याची क्षारता) ८.२, तापमान २५.५. पाणी मात्र आता एकदम काचेसारखं स्वच्छ दिसतंय.

कातळ

ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकलात का?

शिंपला

हो, बऱ्याच महिन्यांनी टाकला. पाणी पिवळट वाटत होतं म्हणून. त्याचा प्रकाशाशी संबंध?

कातळ

थेट संबंध आहे. खाद्य, शैवाल, माशांची विष्ठा यांतून पाण्यात पिवळट सेंद्रिय द्रव्यं साठत जातात आणि ती नेमका निळा-जांभळा प्रकाश शोषतात. कार्बनने ती एक-दोन दिवसांत ओढून घेतली की दिवा तोच राहून खालचा प्रकाश वाढतो. कोरलना एका रात्रीत दिवा बदलल्यासारखं होतं. ओझोन सुरू केल्यावरही असंच घडतं.

आत्ता दिवा २५-३० टक्क्यांनी उतरवा आणि नंतर सावकाश वर या. मशरूम सावलीत हलवा. कार्बन काढू नका, पाणी स्वच्छ असणं चांगलंच. पुढच्या वेळी थोडा थोडा टाका आणि नियमित बदला, म्हणजे पाण्याचा रंग सतत एकसारखा राहील.

माँटिपोराचा फिका भाग जवळून बघा. टिश्यू आहे आणि पॉलिप (कोरलचे इवलेसे फुलासारखे जीव) दिसतात, तर ते ब्लीचिंग आहे आणि परत येण्याची आशा चांगली आहे. टिश्यूच नाही, नुसता सांगाडा उघडा आहे, तर तो वेगळा आजार, प्रकाश उतरवून थांबणार नाही.

शिंपला

टिश्यू आहे, पॉलिपही बाहेर आहेत. प्रकाश लगेच उतरवतो. मनापासून आभार, हे कुठून सुरू झालं ते मला सापडलंच नसतं.

रेवा

शिंपला, तो फिका भाग पुढे एकदम झगझगीत गुलाबी किंवा निळा दिसू लागला तर दचकू नका. ब्लीच झालेली काही कोरल असे भडक रंग धरतात. साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली 'करंट बायॉलॉजी'मध्ये त्याचं कारण मांडलं: शैवालं गेल्यावर टिश्यूच्या आत निळा प्रकाश खूप वाढतो, त्याच इशाऱ्यावर कोरल संरक्षक रंगद्रव्यं बनवतं, आणि त्या सावलीत शैवालं परत वस्ती करू शकतात. मात्र या रंगाला तब्येतीची खूण समजून कुणी प्रकाश वाढवू नये. कोरल त्या वेळी अर्धपोटी असतं. बारीक खाद्य देत राहा.

ओहोटी

मीटर मिळाला, एमक्यू-५१०. आधी ट्यूबांखाली मोजलं. ॲक्रो २३० आणि २१५, माँटिपोरा १८०, हॅमर ११५, टॉर्च १०५, ट्रॅकिफायलिया ७०, झोआ ७५, मशरूम ४५.

मग एलईडी पाण्यापासून २० सेंमी वर ठेवून ४० टक्क्यांवर मोजलं. बरोबर दिव्याखालच्या ॲक्रोवर ३४०! दोन दिव्यांच्या मधे असलेल्या माँटिपोरावर फक्त १२०. टॉर्च १५०, मशरूम ३५. डोळ्यांना मात्र टँक ट्यूबांपेक्षा मंद वाटत होता. मोजलं नसतं तर मी दिवा अजून वाढवला असता. तूर्त ट्यूबाच परत लावल्यात.

खाजण

छान नोंदी केल्यात. ट्यूबांचा प्रकाश लांबच्या लांब पट्ट्यातून येतो, म्हणून सगळीकडे सारखा पसरतो. एलईडी एका ठिकाणाहून फेकतो, त्यामुळे खाली तापलेला ठिपका आणि बाजूला उतार. हा फरक टक्के बदलून जाणार नाही. आधी प्रकाश पसरवा. दिवे ३०-३५ सेंमीपर्यंत वर घ्या. डिफ्यूझर (प्रकाश विखुरणारी धूसर पत्री) मिळत असेल तर लावा. त्याने एकूण प्रकाश थोडा घटतो, पण ॲक्रोच्या फांद्यांखालची गडद सावली बरीच निवळते. एकाच बिंदूतून येणाऱ्या प्रकाशात दाट वसाहतीच्या खालच्या फांद्या हळूहळू मरतात, वरून ते दिसतही नाही.

पसरवून झाल्यावर पुन्हा मोजा आणि मग टक्के लावा. ॲक्रोवर १८० च्या आसपास आला की तिथून सुरुवात. माँटिपोरा अजूनही १२० च दाखवत असेल तर सगळ्यांचा प्रकाश वाढवू नका, त्याची जागा बदला.

एकाच टँकमध्ये ॲक्रो आणि मशरूम जमतील का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. ट्यूबांखाली २३० आणि ४५ दोन्ही जागा होत्याच. दिवा सर्वात वरच्या कोरलसाठी लावायचा, बाकीच्यांना खोली, कड आणि खडकाची सावली वापरून बसवायचं.

कातळ

आणि प्रकाश वाढवत न्याल त्या काळात अल्क दर दोन-तीन दिवसांनी तपासा. प्रकाशाबरोबर सांगाडा बांधण्याचा वेग वाढतो, म्हणजे अल्क आणि कॅल्शियमचा खपही. डोसिंग (ही द्रव्यं रोज पाण्यात घालण्याचं प्रमाण) जुनंच राहिलं तर अल्क घसरतो आणि कोरल रुसल्यावर दोष दिव्याला जातो. अल्क ७.५ ते ८.५ मध्ये कुठेही ठेवा, पण एका जागी ठेवा.

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर असतील तर प्रकाश वाढवायचा विचार तूर्त सोडा. शैवालांना फोटॉन भरपूर आणि फॉस्फेट नाही, ही सर्वात वाईट जोडी. साउदम्प्टनच्याच गटाने २०१३ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दाखवलं होतं की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार असली की उष्णता आणि प्रकाशाने कोरल लवकर ब्लीच होतं. मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असल्याशिवाय दिव्याला हात लावत नाही.

रेवा

यात प्रवाहही जोडा. दुपारी टिश्यूमध्ये ऑक्सिजन खूप साठतो. वाहतं पाणी तो काढून नेतं, म्हणून चांगल्या प्रवाहातलं कोरल तोच प्रकाश जास्त सहज पेलतं. ॲक्रोसाठी प्रवाह उलटसुलट आणि जोरदार हवा. हॅमर-टॉर्चला सौम्य, टेंटॅकल डोलतील इतपत.

ओहोटी

नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०४, अल्क ८. म्हणजे सुरुवात करायला हरकत नाही. पण प्रकाश जास्त होतोय हे ब्लीच व्हायच्या आधी कसं ओळखायचं?

खाजण

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हॅमर आणि टॉर्च भर दुपारी आकसतात आणि संध्याकाळी दिवा उतरला की फुलतात, असा क्रम रोज दिसला तर जास्त होतोय. ट्रॅकिफायलियाची वरची बाजू फिकी आणि कडेची गडद दिसू लागते. मशरूम वाटीसारखे वळतात. झोआ देठ आखूड करून खडकाला चिकटतात. प्रकाश कमी असेल तर उलट, लांब देठ काढून वर ताणतात. ॲक्रोवर पॉलिप आत जातात आणि दिव्याकडच्या बाजूचा रंग आधी धुतल्यासारखा होतो. टोकं पांढरी दिसली तर मात्र घाई नको, वाढती टोकं पांढरीच असतात. टोकामागचा भाग भरलेल्या रंगाचा आहे ना एवढं बघा.

आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सेटिंगवर, त्याच कोनातून फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्याला फिकेपणा कळत नाही.

यातलं काही दिसलं की एक पायरी खाली या आणि दोन आठवडे थांबा. रोज वर-खाली करत राहिलात तर कोरलला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

लाटांवरती

माझ्याकडे सन कोरल आहे, त्याला या सगळ्यात कुठे बसवू?

रेवा

सन कोरलमध्ये झूझँथेली नसतात, त्याला पारची गरजच नाही. सावलीत, चांगल्या प्रवाहात ठेवा आणि प्रत्येक पॉलिपला हाताने भरवा. प्रकाशात ठेवल्याने ते मरत नाही, पण त्यावर शैवाल चढतं. त्याची खरी मागणी खाद्याची आहे, आणि ती मोठी आहे.

ओहोटी

दिवे ३२ सेंमीवर घेतले, डिफ्यूझर लावला. आता २८ टक्क्यांवर ॲक्रो १८५ आणि १७५, माँटिपोरा १५०, हॅमर ९५, टॉर्च ९०, ट्रॅकिफायलिया ६०, मशरूम ४०. ट्यूबा कायमच्या उतरवल्या. दर आठवड्याला एकेक टक्का वाढवणार आहे. अजून काही लक्षात ठेवायचं असेल तर सांगा.

कातळ

डिफ्यूझरवर खारे शिंतोडे आणि धूळ बसत राहते, त्याने प्रकाश नकळत घटतो. दर आठवड्याला ओल्या मऊ कापडाने पुसा, दिवा बंद आणि थंड असताना. कधी बरेच आठवडे राहून गेलं, तर पुसल्यावर आधी चार-पाच टक्के खाली या आणि मग वर चढा.